खुर्ची, कार्यक्रम आणि संघटना : कलकत्त्याचा धडा

(कलकत्ता येथे मराठी भाषिक पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)

पक्षाच्या नेतृत्वाने ठरवलेल्या नावाविरुद्ध त्या नेतृत्वाच्या वर्तुळाबाहेरचा एखादा उमेदवार उभा राहतो आणि पक्षाने आपला मार्ग बदलावा अशी मागणी करतो, तेव्हा वर्तमानपत्रे त्या घटनेकडे बहुधा दोन व्यक्तींची झुंज म्हणून पाहतात. कोण किती मतांनी जिंकला, कोणी कोणाला शह दिला, कोण रुसून बसला, एवढाच त्यांचा विषय असतो. आपला प्रश्न निराळा असला पाहिजे. अशा उमेदवारीमागे कोणत्या सामाजिक शक्ती उभ्या होत्या? तिने पक्षाचे धोरण खरोखर बदलले काय? बदलले नसेल, तर दोष उमेदवाराचा, नेतृत्वाचा, की उमेदवाराला पाठिंबा देणाऱ्यांच्या अपुऱ्या तयारीचा?

या प्रश्नांचा विचार करण्यास कलकत्त्यासारखे, म्हणजे आजच्या कोलकात्यासारखे, दुसरे शहर नाही. राष्ट्रीय काँग्रेसच्या इतिहासात नेतृत्वाला आव्हान देण्याचे दोन मोठे प्रसंग या शहराशी जोडलेले आहेत : एक १९०६ सालचा, दुसरा १९३९ सालचा. पहिल्या प्रसंगी बाहेरच्या उमेदवाराला खुर्ची मिळाली नाही, परंतु त्याचा कार्यक्रम अधिवेशनाने स्वीकारला. दुसऱ्या प्रसंगी उमेदवाराने खुर्ची जिंकली, परंतु कार्यक्रमही हातून गेला आणि शेवटी खुर्चीही. हा उलटा हिशेब कसा झाला, हे आज आपल्याला पाहावयाचे आहे.

१९०६ : न लढवलेली निवडणूक

१६ ऑक्टोबर १९०५ रोजी वंगभंग अमलात आला आणि बंगालमध्ये स्वदेशी व बहिष्काराचे आंदोलन पेटले. काँग्रेसचे नेतृत्व त्या वेळी फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले, सुरेंद्रनाथ बॅनर्जी या मवाळ पुढाऱ्यांच्या हाती होते. अर्ज, विनंत्या आणि शिष्टमंडळे ही त्यांची साधने होती. रस्त्यावर उतरलेल्या तरुणांना ती साधने अपुरी वाटू लागली. डिसेंबर १९०६ चे अधिवेशन कलकत्त्यास भरणार होते. बिपिनचंद्र पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अध्यक्षपदासाठी लोकमान्य टिळकांचे नाव पुढे केले.

टिळक बंगालला परके नव्हते. त्याच वर्षी जून महिन्यात शिवाजी उत्सवासाठी ते खापर्डे आणि मुंजे यांच्यासह येथे येऊन गेले होते. हा उत्सव बंगालमध्ये रुजवणारे सखाराम गणेश देऊसकर यांचे स्मरण मराठी माणसाने आवर्जून केले पाहिजे. बंगालमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले हे गृहस्थ बंगाली भाषेचे श्रेष्ठ लेखक झाले. साम्राज्यशाहीने चालवलेल्या लुटीचा हिशेब मांडणारे त्यांचे ‘देशेर कथा’ हे पुस्तक १९०४ साली प्रसिद्ध झाले आणि १९१० साली सरकारने ते जप्त केले. पुढे सुरतेच्या फुटीनंतर टिळकांविरुद्ध लिहिण्याचे नाकारून त्यांनी ‘हितवादी’ पत्राचे संपादकपद सोडले. दोन भाषांमध्ये विचारांची ने-आण करणाऱ्या आमच्यासारख्या अनुवादकांचे ते पूर्वसूरी आहेत, आणि एका प्रांतातील आव्हान दुसऱ्या प्रांताचे कसे होते याचा ते जिवंत पुरावाही आहेत.

टिळकांचे नाव पुढे येताच मवाळ नेतृत्वाने चतुर खेळी केली. सुरेंद्रनाथ आणि त्यांच्या मित्रांनी इंग्लंडमध्ये राहणाऱ्या दादाभाई नौरोजींना अध्यक्षपद स्वीकारण्याची विनंती केली. दादाभाई ८१ वर्षांचे होते, यापूर्वी दोनदा अध्यक्ष झालेले होते आणि सर्वांना वंदनीय होते. त्यांच्याविरुद्ध उभे राहण्याचा विचार टिळकांच्या मनात येणे शक्य नव्हते. निवडणूक झालीच नाही. नेतृत्वाने उमेदवाराला बाजूला सारले, तेही कोणालाच नाही म्हणता येणार नाही अशा नावाने.

परंतु गोष्ट येथे संपली नाही. दादाभाईंनी अध्यक्षपदावरून ‘स्वराज्य’ हा शब्द उच्चारला. अधिवेशनाने स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण यांविषयीचे ठराव मंजूर केले. शब्दरचनेत तडजोडी होत्या. बहिष्कार बंगालपुरता की सर्व देशासाठी, याविषयी संदिग्धता मुद्दाम ठेवण्यात आली होती. तरीही अर्ज-विनंत्यांच्या काँग्रेसने एका वर्षात केवढी मजल मारली होती! हे एका नावामुळे घडले नाही. बंगालच्या रस्त्यांवर आंदोलन चालू होते, राष्ट्रीय शाळा निघत होत्या, परदेशी कापडाच्या होळ्या पेटत होत्या. टिळकांचे नाव हे त्या आंदोलनाचे अधिवेशनाच्या मंडपात पोचलेले टोक होते. आंदोलन मंडपाबाहेर उभे होते, म्हणून मंडपातील नेतृत्वाला वाकावे लागले.

मंजूर झालेले ठराव टिकवणे मात्र वेगळे. पुढच्या वर्षी अधिवेशन नागपूरहून सुरतेस हलवण्यात आले. कलकत्त्याचे चार ठराव पातळ केले जाणार, असा जहालांना संशय होता. डिसेंबर १९०७ मध्ये अध्यक्ष रासबिहारी घोष यांच्या निवडीवरून सभामंडपात रण माजले आणि काँग्रेस फुटली. १९०८ साली टिळकांना ६ वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी ६ दिवस संप करून त्या शिक्षेला उत्तर दिले, आणि लेनिनने त्या संपाची दखल घेतली. काँग्रेसच्या मंडपात टिळकांना जागा उरली नव्हती, त्या वेळी कामगारवस्तीत ती निर्माण झाली होती. १९१४ साली सुटून आल्यावर त्यांनी १९१६ मध्ये होमरूल लीग उभी केली, आणि त्याच वर्षी लखनौस ते काँग्रेसमध्ये परतले. त्यांचा परतीचा मार्ग जनतेतून गेला होता, हे लक्षात ठेवावे.

१९३९ : जिंकलेली निवडणूक

आता दुसरा प्रसंग. सुभाषचंद्र बोस १९३८ साली हरिपुरा येथे एकमताने अध्यक्ष झाले होते. त्या अर्थाने ते काँग्रेसच्या बाहेरचे नव्हते. परंतु गांधीजी, सरदार पटेल, राजेंद्रप्रसाद यांच्या ज्या वर्तुळाला लोक ‘हायकमांड’ म्हणू लागले होते, त्या वर्तुळाच्या ते बाहेरच होते. १९३९ साठी त्यांनी पुन्हा उमेदवारी जाहीर केली, तीच त्या वर्तुळाच्या इच्छेविरुद्ध.

त्या वेळची परिस्थिती ध्यानात घ्यावी. १९३७ पासून अनेक प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे होती. मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळाने कामगारांच्या संपाच्या हक्कावर मर्यादा घालणारे औद्योगिक कलह विधेयक आणले. त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कम्युनिस्टांनी आणि डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने एकत्र येऊन एक दिवसाचा संप केला. शेतकरी सभा जमीनदारीविरुद्ध उठल्या होत्या. १९३५ च्या कायद्यातील संघराज्याची योजना साम्राज्यशाही लादू पाहत होती, आणि उजवे नेतृत्व तिच्याशी तडजोड करील अशी शंका डाव्या गोटात बळावत होती. युरोपवर युद्धाचे सावट होते.

सुभाषबाबूंचे म्हणणे असे की, अध्यक्षपदाची निवडणूक स्वतंत्र देशांतल्याप्रमाणे निरनिराळ्या विचारांच्या आणि कार्यक्रमांच्या आधारे लढवली गेली पाहिजे. त्यावर पटेल, राजेंद्रप्रसाद, कृपलानी, जमनालाल बजाज, भुलाभाई देसाई, जयरामदास दौलतराम आणि आपल्या महाराष्ट्राचे शंकरराव देव या कार्यकारिणीच्या सदस्यांनी संयुक्त पत्रक काढले. अध्यक्षाची निवड एकमताने व्हावी, धोरणे ठरवणे हे कार्यकारिणीचे व महासमितीचे काम आहे, अध्यक्ष हा घटनात्मक प्रमुखासारखा ऐक्याचे प्रतीक असतो, असा त्या पत्रकाचा आशय होता.

कॉम्रेडहो, हा वाद केवळ १९३९ चा नाही. नेतृत्वाला आव्हान मिळाले की, ‘पद हे धोरणाचे नसून ऐक्याचे असते’ हा युक्तिवाद प्रत्येक पक्षात डोके वर काढतो. त्यात तथ्यांश नसतो असे नाही, कारण ऐक्यावाचून कोणतीही लढाई होत नाही. परंतु ऐक्य कशासाठी, हे विचारण्याची जागाच उरली नाही, तर त्या ऐक्याचा अर्थ चालू धोरणाला दिलेली मूक संमती एवढाच होतो.

२९ जानेवारी १९३९ रोजी मतदान झाले. मौलाना आझादांनी माघार घेतल्यावर हायकमांडचे उमेदवार पट्टाभि सीतारामय्या होते. सुभाषबाबूंना १५८० मते मिळाली आणि ते दोनशेहून अधिक मतांनी विजयी झाले. डाव्या शक्तींनी, समाजवाद्यांनी आणि कम्युनिस्टांनी त्यांना पाठिंबा दिला होता. हा पराभव पट्टाभींपेक्षा आपला आहे, असे गांधीजींनी जाहीर केले. एका वाक्याने निवडणुकीचा अर्थ बदलला : कार्यक्रमाविषयीचा कौल हा गांधीजींवरील अविश्वास ठरू लागला.

फेब्रुवारीत कार्यकारिणीच्या बहुसंख्य सदस्यांनी राजीनामे दिले. सुभाषबाबूंनी केलेल्या तडजोडीच्या आरोपांनी ते दुखावले होते, आणि येथे उमेदवाराची चूकही स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. उजवे नेते संघराज्याचा स्वीकार करण्यास तयार आहेत, हा आरोप करताना त्यांच्या धोरणाचे पुरावे मांडण्याऐवजी हेतूंवर संशय घेतला गेला. संशयाने विरोधक एकवटतात, कुंपणावरचे लोक मात्र आपल्या बाजूला येत नाहीत.

मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरी येथे अधिवेशन भरले. अध्यक्ष तापाने फणफणलेले. त्यांना स्ट्रेचरवरून आणावे लागले आणि त्यांचे भाषण बंधू शरदचंद्रांनी वाचून दाखवले. ब्रिटिश सरकारला ६ महिन्यांची निर्वाणीची मुदत द्यावी आणि नंतर देशव्यापी सत्याग्रह सुरू करावा, अशी त्यांची मागणी होती. गांधीजी राजकोटच्या प्रश्नात गुंतल्यामुळे आले नव्हते. गोविंदवल्लभ पंतांनी ठराव मांडला, त्याचा सार असा : गांधीजींच्या नेतृत्वावर विश्वास व्यक्त करण्यात येत आहे, आणि अध्यक्षांनी आपली कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी.

माझे काम अनुवादाचे असल्याने असल्या ठरावांत शब्द कोठे बसवला आहे, हे पाहण्याची सवय जडली आहे. ‘इच्छेनुसार’ या एका शब्दात सगळा डाव होता. पक्षाच्या घटनेने कार्यकारिणी नेमण्याचा अधिकार अध्यक्षाला दिला होता. ठरावाने तो अधिकार काढून घेतला नाही. तो अधिकार एका अशा व्यक्तीच्या इच्छेला बांधून टाकला, जी काँग्रेसची चार आण्यांची सभासदही नव्हती. अध्यक्ष कायम राहिला, निवडणूकही कायम राहिली, आणि निवडणुकीचा परिणाम तेवढा नाहीसा झाला.

ठराव मंजूर झाला. जानेवारीत सुभाषबाबूंना निवडून देणारे प्रतिनिधी मार्चमध्ये पंतांच्या ठरावाच्या बाजूला कसे गेले? याचे उत्तर ‘विश्वासघात’ या शब्दात शोधणे सोपे, परंतु ते पुरेसे नाही. बहुसंख्य प्रतिनिधींना लढाऊ अध्यक्ष हवा होता आणि गांधीजींचे नेतृत्वही हवे होते. या दोहोंत निवड करण्याची वेळ येईल असे जानेवारीत त्यांना वाटले नव्हते. ती वेळ आणून ठेवणे हेच हायकमांडचे कौशल्य होते. काँग्रेस समाजवादी पक्ष या ठरावावर तटस्थ राहिला. कम्युनिस्टांनीही राष्ट्रीय आघाडीत फूट पडू नये या भूमिकेला प्राधान्य दिले. युद्धाच्या तोंडावर फाटाफूट टाळण्याची काळजी निराधार नव्हती. परंतु पाठिंबा देताना आपण उमेदवाराबरोबर किती पावले चालणार, हे डाव्या शक्तींनी आधी ठरवलेले नव्हते, ही गोष्ट आपल्या चळवळीच्या इतिहासात मोकळेपणाने लिहिली गेली पाहिजे. मतपेटीपर्यंत सोबत आणि मतपेटीनंतर तटस्थता, असे धोरण उमेदवारालाही बुडवते आणि पाठीराख्यांनाही दुबळे करते.

त्यानंतर गांधीजी आणि सुभाषबाबू यांच्यात प्रदीर्घ पत्रव्यवहार झाला. सुभाषबाबूंना दोन्ही मतांची संमिश्र कार्यकारिणी हवी होती. गांधीजींचा सल्ला होता की, त्यांनी आपल्याच विचारांची एकजिनसी कार्यकारिणी नेमावी. पंत ठरावानंतर तसे करणे म्हणजे महासमितीत पराभव ओढवून घेणे होते. कोंडी फुटली नाही. एप्रिलच्या अखेरीस कलकत्त्यात वेलिंग्टन चौकात महासमिती भरली आणि २९ एप्रिल १९३९ रोजी सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. राजेंद्रप्रसाद अध्यक्ष झाले. आज या चौकाला राजा सुबोध मल्लिक यांचे नाव आहे. स्वदेशीच्या काळात राष्ट्रीय शिक्षणासाठी १ लाख रुपयांची देणगी देणारे ते हेच. ज्या शहराने १९०६ साली नेतृत्वाला स्वराज्याचा ठराव करावयास लावले, त्याच शहरात ३३ वर्षांनी निवडून आलेल्या अध्यक्षाला पायउतार व्हावे लागले.

मे महिन्याच्या प्रारंभी फॉरवर्ड ब्लॉकची घोषणा झाली. जूनमध्ये मुंबईस डाव्यांची एकीकरण समिती स्थापन झाली, परंतु ती टिकली नाही. समाजवादी, कम्युनिस्ट, रॉयवादी, किसान सभा आणि फॉरवर्ड ब्लॉक यांपैकी प्रत्येकाला ऐक्य हवे होते, आणि ते आपापल्या अटींवर हवे होते. ऑगस्टमध्ये काँग्रेसने शिस्तभंगाबद्दल सुभाषबाबूंना ३ वर्षे कोणत्याही निवडून द्यावयाच्या पदास अपात्र ठरवले. बंगाल काँग्रेस दुभंगली. सप्टेंबरात युद्ध सुरू झाले. तीन वर्षांनंतर ऑगस्ट १९४२ मध्ये त्याच काँग्रेस नेतृत्वाने स्वतः अंतिम लढ्याची हाक दिली. १९३९ साली घाईची ठरलेली मागणी वेळ येताच नेतृत्वाची झाली. मागणी मांडणारा मात्र तेव्हा देशात नव्हता.

यंत्रणेचे बळ

या प्रसंगाचे प्रतिध्वनी परदेशांतही ऐकू येतात. ब्रिटनच्या मजूर पक्षात २०१५ साली जेरेमी कॉर्बिन यांना आवश्यक तितक्या खासदारांची शिफारस कशीबशी, अखेरच्या घटकेला मिळाली. नंतर सभासदांनी ५९.५ टक्के मतांनी त्यांना नेता केले. वर्ष उलटले नाही तोच त्यांच्याच खासदारांनी १७२ विरुद्ध ४० मतांनी त्यांच्यावर अविश्वास व्यक्त केला. सभासदांनी त्यांना पुन्हा निवडून दिले, तरी संसदीय यंत्रणा त्यांची झाली नाही. सभासदांचा कौल एकीकडे आणि पक्षयंत्र दुसरीकडे, हीच ती त्रिपुरीची गाठ.

खुद्द कलकत्त्यात या कथेचे तिसरे रूप १९९७ साली दिसले. त्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत सीताराम केसरींनी शरद पवार आणि राजेश पायलट यांचा पराभव केला होता. ऑगस्टमध्ये काँग्रेसचे अधिवेशन येथील नेताजी इनडोअर स्टेडियममध्ये भरले, आणि प्रदेशाध्यक्षपदाच्या निवडणुकीत १९९२ साली सोमेन मित्रांकडून हरलेल्या ममता बॅनर्जींनी त्याच वेळी बाहेर उघड्यावर आपली सभा भरवली. १ जानेवारी १९९८ रोजी तृणमूल काँग्रेस स्थापन झाली. तिच्या राजकारणाशी आपला विरोध आहेच, परंतु घटनाक्रमाचा बोध घेण्यास तो आड येऊ नये. आव्हान देणारीला नेतृत्वाने सामावून घेतले नाही, हरवले तेवढे. आणि पश्चिम बंगालमध्ये त्या पक्षाच्या पायाखालची जमीनच निघून गेली.

आपला प्रश्न

आता हा विषय आपल्या दाराशी आणणे भाग आहे. लोकशाही केंद्रीकरण मानणाऱ्या पक्षात गटबाजीला स्थान नाही, आणि ते नसावेच. परंतु मतभेद म्हणजे गटबाजी नव्हे, आणि उमेदवारी म्हणजे बंड नव्हे. भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या (मार्क्सवादी) घटनेनुसार मावळती समिती नव्या समितीसाठी यादी मांडते. प्रतिनिधींना तिच्यावर हरकत घेण्याचा आणि नवे नाव सुचवण्याचा हक्क आहे, आणि असे झाल्यास गुप्त मतदान होते. एप्रिल २०२५ मध्ये मदुराई येथील २४ व्या महाधिवेशनात महाराष्ट्रातील कामगार नेते डी. एल. कराड यांनी केंद्रीय समितीसाठी यादीबाहेरून उमेदवारी केली. त्यांना ३१ मते मिळाली आणि ते पराभूत झाले. वर्तमानपत्रांनी त्याची बातमी ‘दुर्मीळ घटना’ म्हणून छापली. हा हक्क घटनेत असताना त्याचा वापर दुर्मीळ का वाटावा, हा प्रश्न त्या बातमीपेक्षा महत्त्वाचा आहे. निर्णय होईपर्यंत मोकळी चर्चा आणि निर्णयानंतर एकजुटीने अंमलबजावणी, या सूत्राचा दुसरा भाग आपण चोख पाळतो. पहिल्या भागाला किती वेळ, किती कागद आणि किती संयम देतो, याचे उत्तर प्रत्येक शाखेने आपल्यापुरते द्यावे.

या इतिहासातून दोन्ही बाजूंसाठी काही निष्कर्ष निघतात. आव्हान देणाऱ्याने आपल्या नावाआधी आपला कार्यक्रम लेखी मांडला पाहिजे, आणि तो राबवणारी माणसे कोठे आहेत हे दाखवले पाहिजे. निवडून आल्यास दुसऱ्या दिवशी कार्यकारिणी कोणाची, संघर्ष कोणत्या जिल्ह्यापासून, साधने कोणती, याची उत्तरे तयार नसतील, तर बहुमताचे आकडे त्रिपुरीपर्यंतच पुरतात. हेतूंवर संशय घेण्याऐवजी धोरणावर बोट ठेवले पाहिजे. पाठिंबा देणाऱ्यांनी आपला पाठिंबा कोणत्या मुद्द्यांपर्यंत आणि किती काळासाठी, हे आधीच आपापसांत ठरवले पाहिजे.

नेतृत्वाची जबाबदारी याहून मोठी आहे. १९०६ च्या नेतृत्वाने उमेदवार टाळला, पण कार्यक्रमाला मंडपात जागा दिली, आणि वर्षभर का होईना, ऐक्य राखले. १९३९ च्या नेतृत्वाने निकाल मान्य केल्यासारखे दाखवून तो निष्फळ केला, आणि बंगालसारखा प्रांत दुरावला. आव्हान हरवता येते, ‘इच्छेनुसार’सारखा एखादा शब्द घालून ते निष्प्रभही करता येते. पण ज्या असंतोषातून ते जन्मले, तो असंतोष ठरावाने मरत नाही. पक्षाने त्याला आत जागा दिली नाही, तर तो बाहेर आपली जागा शोधतो, आणि ती जागा प्रत्येक वेळी डावीकडेच असेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

येत्या काळात आपापल्या राज्यांत शाखा परिषदांपासून वरच्या परिषदांपर्यंत राजकीय मसुद्यांवर चर्चा होतील. मसुदा शाखेत आला की तो वाचून काढावा, दुरुस्त्या लेखी द्याव्यात, यादीबद्दल हरकत असेल तर ती चहाच्या टपरीवर न बोलता परिषदेत मांडावी, आणि कोणी नवे नाव सुचवले तर त्याच्यामागे कोण आहे हे शोधत बसण्याआधी तो काय म्हणतो हे ऐकून घ्यावे. निर्णय झाला की सर्वांनी एकत्र कामाला लागावे. एवढे आपण केले, तर कलकत्त्याच्या या इतिहासाचा अभ्यास कारणी लागला असे म्हणता येईल.